बर्फाळ घाटात मागच्या चाकांवर चालणारी गाडी

विषयाची पाटी वाचून दारातच एका काकांनी आम्हाला अडवलं आणि विचारलं, "पुण्यात बर्फ उसाच्या रसात असतो, नाहीतर गोळ्याच्या गाडीवर. मग हे व्याख्यान नक्की कुणासाठी?" (हशा) प्रश्न रास्त आहे. पण समोर बसलेल्यांपैकी किती जणांची मुलं, सुना, भाचे जर्मनीत किंवा स्वित्झर्लंडमध्ये आहेत, जरा हात वर करा बरं. बघा. आणि यातल्या निम्म्या पोरांनी नोकरी लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एखादी बुटकी, दोन दरवाज्यांची, जोरात पळणारी गाडी घेतलेली असते. तिचा फोटो तुमच्या फोनवर येतो. ती गाडी डिसेंबरात आल्प्समध्ये कशी चालते, ते मात्र कुणी कळवत नाही. आम्ही आज ते सांगणार आहोत.

आम्ही दोघं गेली काही वर्षं म्युनिकला असतो. दोघंही यंत्र अभियंते, दोघंही पुण्यातच गाडी शिकलेले. आमच्यात मिळून एक गाडी आहे, टोयोटा जीटी८६, जुनी घेतलेली. इंजिन पुढे, ढकलणारी चाकं मागे, दोन लिटरचं इंजिन, दोनशे अश्वशक्ती, वजन साधारण साडेबाराशे किलो. जमिनीपासून पोट जेमतेम तेरा सेंटिमीटर. म्हणजे आपल्या पेठेतल्या स्पीडब्रेकरवरही जिचं काही खरं नाही अशी गाडी. तिला घेऊन बर्फात जायचं म्हणजे मुळात शहाणपणाचं काम नव्हे, हे आधीच कबूल करतो. पण ती एकच गाडी आहे आणि डोंगर तासाभरावर आहेत.

सुरुवात आमच्या फजितीपासून करू. पहिल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही ऑस्ट्रियात, इन्सब्रुकच्या बाजूने सेलराइनच्या खोऱ्यातून क्युटाईला निघालो. क्युटाई दोन हजार मीटरच्या वर आहे. खाली लख्ख ऊन, बारा अंश. गाडीला उन्हाळी टायर. ऑस्ट्रियात हिवाळी टायरची सक्ती १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात, तीही रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर. म्हणजे कायद्याने आम्ही निर्दोष होतो. बर्फाने मात्र कॅलेंडर बघितलेलं नव्हतं. सोळाशे मीटरच्या आसपास रस्ता पांढरा झाला, आणि एका बारा-तेरा टक्क्यांच्या चढावर गाडी थांबली. चाकं फिरतायत, गाडी जागेवर. आम्ही जरा जास्त रेस केली. मग आणखी जास्त. शेवटी थांबून ब्रेक दाबला, आणि तेव्हा जे झालं ते आजही अंगावर काटा आणतं. चारही चाकं घट्ट ब्रेकमध्ये, हँडब्रेक वर, आणि गाडी हळूहळू मागे घसरायला लागली. आवाज नाही, काही नाही. मागे कठडा होता, कठड्यापलीकडे ओढा. मागचं चाक रस्त्याच्या कडेच्या मऊ बर्फात रुतलं म्हणून थांबलो. एका शेतकरी आजोबांनी ट्रॅक्टरने ओढून सपाटीवर आणलं, टायरकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि एक शब्द न बोलता निघून गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

आता ती गाडी ब्रेक लावूनही मागे का गेली? इथून आजचा खरा विषय सुरू होतो. गणित अगदी शाळेतलं आहे, घाबरू नका.

टायर आणि रस्ता यांच्यातली पकड एका आकड्याने मोजतात, घर्षणांक. कोरड्या डांबरावर तो साधारण ०.८ असतो. दाबल्या गेलेल्या बर्फावर ०.२ धरा, चांगला हिवाळी टायर असेल तर ०.३ पर्यंत. गुळगुळीत, गोठलेल्या पाण्यावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. हे ढोबळ आकडे आहेत. बर्फ किती थंड, किती ताजं, किती तुडवलेलं, त्यावर ते बदलतात. पण ढोबळ आकड्यांनीसुद्धा झोप उडते. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललोय आणि ब्रेक मारला. कोरड्या रस्त्यावर गाडी बारा मीटरमध्ये थांबते. तुडवलेल्या बर्फावर, सपाटीला, ४९ मीटर. आता तोच रस्ता दहा टक्के उताराचा करा. दहा टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे गेलो की दहा मीटर खाली. उतार आपल्या पकडीतून ०.१ खाऊन टाकतो. ०.२ मधून ०.१ गेले, उरले ०.१. थांबायला लागतात ९८ मीटर. क्रिकेटची खेळपट्टी वीस मीटरची, म्हणजे जवळजवळ पाच खेळपट्ट्या. आणि घर्षणांक मुळातच ०.१ असेल, तर? उरलं शून्य. गाडी थांबतच नाही. तुम्ही ब्रेकवर उभे राहा, गाडी वळणापर्यंत जाणार आणि वळणापलीकडेही जाणार.

आमच्या चढावर नेमकं हेच झालं होतं, उलट्या दिशेने. पण पहिल्यांदा त्या चढावर गाडी थांबून राहिली होती, घसरली नव्हती. मग पकड मध्येच कमी कशी झाली? ती आम्हीच केली. रेस देऊन देऊन चाकं फिरवली, त्या घासण्याच्या उष्णतेने वरचा बर्फ किंचित वितळला आणि लगेच गोठला. आम्ही आमच्या टायरखाली स्वतःच्या हाताने काच तयार केली होती. त्यामुळे चाक जागेवर फिरायला लागलं की दुसऱ्या सेकंदाला पाय काढायचा, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

चढाचं गणित मागच्या चाकांच्या गाडीला आणखी कडक आहे. जीटी८६ चं ५३ टक्के वजन पुढच्या चाकांवर आणि ४७ टक्के मागच्या. ढकलायचं काम फक्त मागची चाकं करतात. घर्षणांक ०.२ असेल तर ४७ गुणिले ०.२, म्हणजे नऊ-साडेनऊ टक्क्यांचा चढ ही हिची हद्द. चढावर थोडं वजन मागे सरकतं, थोडा फायदा होतो, तो सोडून देऊ. हिवाळी टायरने ०.३ मिळाले की तीच गाडी चौदा टक्के चढते. चारही चाकं ढकलणारी गाडी ०.२ वरसुद्धा वीस टक्के चढून जाईल. म्हणून तिकडे सगळे चारचाकी ओढीच्या गाड्यांच्या मागे असतात. पण इथे एक सापळा आहे. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. म्हणजे उतारावर थांबताना ती महागडी चारचाकी ओढ काडीचाही फायदा देत नाही. साध्या टायरवरची भारी गाडी दिमाखात वर जाते आणि खाली येताना खड्ड्यात सापडते. दर हिवाळ्यात आम्ही अशा दोन-तीन तरी बघतो.

तेव्हा तयारीतली पहिली गोष्ट टायर, दुसरी टायर आणि तिसरीही टायरच. बाकीचं सगळं त्यानंतर.

हिवाळी टायर म्हणजे फक्त खोल नक्षीचा टायर नव्हे. खरा फरक रबराचा आहे. उन्हाळी टायरचं रबर साधारण सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. आपला खोडरबर फ्रीजमध्ये ठेवला तर होतो तसं. हिवाळी रबर थंडीतही मऊ राहतं. दुसरं म्हणजे त्याच्या ठोकळ्यांवर बारीक बारीक चिरा असतात, ब्लेडने मारल्यासारख्या. टायर दाबला गेला की त्या उघडतात आणि प्रत्येक चिरेची कड बर्फात रुतते. तिसरी गंमत, नक्षीत थोडा बर्फ अडकून राहिला पाहिजे. बर्फ बर्फाला धरतो, लहानपणी गोळा करताना अनुभवलंच असेल, निदान फ्रीजरमधला. आपल्याकडे चिखलात टायर स्वच्छ राहिला पाहिजे असं म्हणतात, बर्फात उलट.

टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. तेच बघायचं. नुसतं 'एम अधिक एस' असं लिहिलेलं पूर्वी चालायचं. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून ते चालत नाही, डोंगर-हिमकण हवाच. जर्मनीत तारखेची सक्ती नाही, परिस्थितीची आहे. बर्फ असेल, रस्ता गोठलेला असेल, तर हिवाळी टायर हवा, मग महिना कुठलाही असो. नसेल तर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक गुण. लोक मात्र 'ओ ते ओ' असं लक्षात ठेवतात, ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. स्वित्झर्लंडमध्ये सरसकट सक्ती नाही, पण उन्हाळी टायरवर अपघात झाला तर गाडी तुमच्या ताब्यात नव्हती असं धरतात आणि मग विमावाले हिशेब मांडतात. नक्षीची खोली कायद्याने जर्मनीत १.६ मिलिमीटर पुरते; ऑस्ट्रियात हिवाळी टायरला ४ लागते. आम्ही ऑस्ट्रियाचं ऐकतो. चारच्या खाली गेलेला हिवाळी टायर बर्फात नुसता नावाचा हिवाळी असतो.

आता मापाचा प्रश्न. बुटक्या गाड्यांना लोक हौसेने रुंद टायर आणि मोठ्या रिम लावतात. बर्फात रुंद टायर तरंगतो, अरुंद टायर खाली दाबून कडक थरापर्यंत पोचतो. आमच्या गाडीला कंपनीचे २१५/४५ आर १७ होते. हिवाळ्यासाठी आम्ही २०५/५५ आर १६ घेतले. एकूण व्यास ६२५ मिलिमीटरवरून ६३२ झाला, एक टक्का फरक, स्पीडोमीटरला जाणवतही नाही. बाजूची भिंत उंच झाली, त्यामुळे बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाकत नाही. आणि सोळाचे टायर सतराच्यापेक्षा स्वस्त मिळाले, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. फक्त दोन गोष्टी आधी तपासायच्या. लहान रिममध्ये ब्रेकचा कॅलिपर बसतो का. मोठे ब्रेक लावलेल्या गाड्यांत नाही बसत. आणि ते माप गाडीच्या कागदपत्रांत आहे का. जर्मनीत कागदात नसलेलं माप लावलं तर तपासणी केंद्रातून मंजुरी घ्यावी लागते, नाहीतर गाडी रस्त्यावर चालवायचा परवानाच धोक्यात. आणखी एक जर्मन गंमत. आमची गाडी कागदोपत्री ताशी २२६ जाते, हिवाळी टायर 'एच' म्हणजे २१० पर्यंतचे. हे चालतं, पण डोळ्यांसमोर '२१०' असा स्टिकर लावावा लागतो. रांगेत वीसच्या वेगाने सरकताना तो स्टिकर आम्हाला रोज चिडवतो. (हशा)

पैसे वाचवायला फक्त मागचे दोन हिवाळी टायर घ्यावेत, ढकलणारी चाकं तीच आहेत, असा विचार आम्हीही केला होता. एका दुकानदाराने 'चालेल की' असं म्हटलंही. चालणार नाही. मागे पकड, पुढे नाही, म्हणजे गाडी चढेल छान, पण वळायचं आणि थांबायचं काम बरंचसं पुढची चाकं करतात. उतारावरच्या वळणात स्टिअरिंग फिरवाल आणि गाडी सरळ जाईल. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला फक्त पुढे लावले तर मागचा भाग पुढे येऊ पाहतो, ते त्याहून वाईट. चार म्हणजे चार.

डिकीत वाळूची पोती टाकायचा जुना सल्ला तुम्हाला तिकडचे लोक देतील. पूर्वी मागच्या चाकांच्या गाड्यांत सगळे टाकायचे. आम्ही हिशेब केला. साठ किलो वाळू अगदी मागच्या ॲक्सलवर ठेवली तरी मागचा वाटा ४७ वरून साडेएकोणपन्नास टक्के होतो, आणि चढायची हद्द ९.४ वरून ९.९. अर्ध्या टक्क्यासाठी साठ किलो वागवायचे, आणि ते पोतं बांधलेलं नसेल तर जोरात ब्रेक लागल्यावर ते तुमच्या मानेशी येणार. मालवाहू पिकअपची गोष्ट वेगळी. आमच्या डिकीत वाळू आहे, पण पाच किलोची पिशवी, रुतलेल्या चाकाखाली टाकायला.

साखळ्या. हे प्रकरण लोक सर्वांत जास्त टाळतात. निळ्या गोल पाटीवर साखळी गुंडाळलेलं चाक दिसलं की साखळी लावल्याशिवाय पुढे जायचं नाही. चारचाकी ओढीच्या गाडीलाही सूट नाही, सूट असेल तर तसं खाली लिहिलेलं असतं. साखळी ढकलणाऱ्या चाकांना, म्हणजे आमच्या गाडीत मागे. बुटक्या गाडीची अडचण ही की चाक आणि सस्पेन्शनच्या मधली फट बोटभर असते. जाड कड्यांची साखळी घासली तर ब्रेकची नळीच तुटायची. म्हणून गाडीच्या पुस्तकात कोणत्या मापाच्या टायरवर साखळी चालते ते आधी वाचायचं, आणि बारीक कड्यांची, सात मिलिमीटरच्या आसपासची साखळी घ्यायची. सोळा इंची अरुंद टायरचा इथेही फायदा झाला. कापडी मोज्यासारखेही मिळतात, चाकावर चढवायचे. लावायला सोपे, पण डांबरावर चालवले की फाटतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, साखळी आधी घरी, पार्किंगमध्ये, कोरड्यात लावून बघायची. दोनदा. एकदा उजेडात, एकदा अंधारात, हातमोजे घालून. आम्ही पहिल्यांदा लावली तेव्हा चाळीस मिनिटं लागली आणि आमच्यात दोन दिवस अबोला होता. आता बारा मिनिटं लागतात. साखळी लावल्यावर जर्मनीत ५० च्या वर जायचं नाही. तिच्या आवाजाने तुम्ही तसेही जाणार नाही.

टायरच्या मानाने बाकीची तयारी किरकोळ आहे, पण आमच्यासारख्या गाडीत काही खास गोष्टी निघतात. गाडी खाली बसवलेली असेल, हौसेचे स्प्रिंग घातलेले असतील, तर हिवाळ्यापुरते मूळचे परत घाला. पुढचा ओठ, म्हणजे बंपरखालची ती पट्टी, ताज्या बर्फात नांगरासारखी चालते. दहा-बारा सेंटिमीटर बर्फ झाला की गाडी पोटावर चढते, चाकं अधांतरी, मग टायर कितीही चांगले असोत. तेवढा बर्फ दिसला की आम्ही नांगरणी करणाऱ्या गाडीची वाट बघतो. त्यावर दुसरा उपाय नाही.

बॅटरी थंडीत निम्म्यावर येते. तिच्यावर थंडीत सुरू करायचा जो अँपिअरचा आकडा लिहिलेला असतो तो उणे १८ अंशांना मोजलेला असतो; चार-पाच वर्षं झालेली बॅटरी नोव्हेंबरातच तपासून घ्या. कूलंट निम्मं पाणी निम्मं ग्लायकॉल असेल तर उणे ३५ पर्यंत काळजी नाही. काच धुवायच्या पाण्यात गोठणरोधक हवं, नाहीतर मिठाच्या चिखलाने काच बंद होते आणि फवारा येत नाही, तेही नेमकं समोरून उन्हाची तिरीप आल्यावर. टायरमधली हवा दर दहा अंशांना साधारण ०.१ बार उतरते, म्हणून थंडीत परत मोजायची. पकड वाढावी म्हणून हवा कमी करायचा सल्ला वाळवंटासाठी ठीक आहे.

आमच्या गाडीच्या दारांना काचेभोवती चौकट नाही. दार उघडताना काच आपोआप सेंटिमीटरभर खाली येते. गोठलेली काच खाली येत नाही, आणि तरीही दार ओढलंत तर रबर फाटतं किंवा काचेवर ताण येतो. म्हणून रबराला आधी चोपडून ठेवायचं. जर्मनीत त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या हरणाच्या चरबीची कांडी वापरतात. आमच्या आईला हे कळल्यावर ती महिनाभर त्या गाडीत बसायला तयार नव्हती. (हशा) आता आम्ही ग्लिसरीन लावतो, सगळे खूश.

हँडब्रेकचं मात्र आपल्या सवयीच्या उलट आहे. आपल्याला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलेलं असतं, उतरताना हँडब्रेक ओढायचाच. ओल्या बर्फातून आलेली गाडी हँडब्रेक ओढून रात्रभर उणे दहात ठेवली तर सकाळी ब्रेक चिकटलेला असतो. पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, चाकं कडेकडे वळवायची, उतार असेल तर चाकाखाली ठोकळा. आणि मार्चमध्ये खालून पाण्याच्या जोराने धुऊन घ्यायची, कारण तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात आणि कोकणातल्या गाडीचं जे चार वर्षांत होतं ते तिथल्या गाडीचं दोन हिवाळ्यांत होतं.

चालवण्याबद्दल थोडं, कारण तयारी माणसाचीही असते. आपल्या घाटात जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. बर्फातही नियम तोच, पण मागच्या चाकांच्या गाडीत त्याला एक काटा आहे. उतारावर खालचा गिअर टाकून क्लच फटकन सोडलात तर इंजिन मागच्या चाकांना एकदम रोखतं. निसरड्यावर ती चाकं लॉक होतात आणि तुमचा हँडब्रेक ओढल्यासारखा मागचा भाग बाजूला येतो. आम्ही एका रिकाम्या, गोठलेल्या मैदानावर मुद्दाम करून बघितलं. ताशी तीसला गाडी पूर्ण गोल फिरली. म्हणून गिअर उतार सुरू व्हायच्या आधी, सपाटीवर बदलायचा, आणि क्लच झोपलेल्या बाळाच्या अंगावरून हात काढावा तसा सोडायचा. चढ सुरू व्हायच्या आधी पुढच्या गाडीला पुरेसं पुढे जाऊ द्यायचं, म्हणजे मध्ये थांबावं लागत नाही. सुटताना दुसऱ्या गिअरमध्ये सुटायचं.

घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बंद करायचं बटण या गाड्यांत असतं आणि तरुण मंडळींचं बोट तिथे शिवशिवतं. एकाच वेळी ते दाबायला हरकत नाही, गाडी रुतलेली असताना, कारण यंत्रणा इंजिनाची ताकदच कापून टाकते आणि चाक हलत नाही. बाहेर पडलात की लगेच चालू करा. या गाडीला मागे टॉर्सन डिफरन्शिअल आहे, ते एका चाकाला कमी पकड असेल तर दुसऱ्याला जास्त जोर देतं. ऐकायला छान. पण एक चाक पूर्ण निसरड्यावर असेल तर तेही हात टेकतं, आणि दोन्ही चाकं एकदम सुटली तर गाडी जास्त पटकन आडवी होते.

धोका कुठे असतो तेही सांगतो. पूल, सावलीतलं वळण आणि बोगद्याचं तोंड. पुलाला खालूनही थंडी लागते, म्हणून तो आधी गोठतो. रस्ता नुसता ओला दिसतो आणि टायरचा आवाज एकदम बंद होतो. तो आवाज बंद होणं ही शेवटची सूचना. तिथे ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही, पाय वर आणि गाडी सरळ जाऊ द्यायची.

अडकलात तर? डिकीत फावडं, ब्लँकेट, टॉर्च, हातमोजे, पाणी आणि खायला काहीतरी. आमच्याकडे शेंगदाण्याची चिक्की असते, गोठत नाही. आणि हे नीट ऐका. बर्फात गाडी बंद पडून रात्र काढायची वेळ आली आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं, तर आधी सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचा बर्फ काढायचा, आणि दर थोड्या वेळाने पुन्हा काढायचा. तोंड बुजलं की धूर गाडीखालून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, माणसाला झोप आल्यासारखं वाटतं. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीला पर्यटकांच्या गाड्या बर्फात अडकल्या आणि एका रात्रीत वीसहून जास्त माणसं गाडीतच गेली, त्यांत मुलंही होती. काही जण थंडीने आणि काही जण याच विषारी वायूने गेल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. शहरातून बर्फ बघायला गेलेली कुटुंबं होती ती, आपल्यासारखीच. बुटक्या गाडीचा सायलेन्सर तर जमिनीलगतच असतो. आम्ही इंजिन तासाला दहा मिनिटंच चालवायचं आणि तेवढा वेळ वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची असं ठरवलेलं आहे.

वेळ संपत आली, दोन प्रश्न घेऊ.

(एका श्रोत्याने डिसेंबरात मनालीला स्वतःची गाडी न्यावी का, असं विचारलं.) मनालीपर्यंत न्या, पुढे बघून ठरवा. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून नऊ किलोमीटर गेलं की माणूस एकदम लाहौलमध्ये बाहेर पडतो, तीन हजार मीटरच्या वर. अलीकडे कोरडा रस्ता आणि पलीकडे बर्फ, असं होऊ शकतं, म्हणजे आमच्या क्युटाईसारखंच. आपल्या गाडीला पुण्याचे टायर असतात आणि हिवाळी टायर आपल्याकडे सहज मिळत नाहीत. बर्फ पडला की तिथले पोलीस फक्त चारचाकी ओढीच्या किंवा साखळी लावलेल्या गाड्या सोडतात, त्यांच्याशी वाद घालू नका, ते तुमच्याच बाजूने असतात. तिथल्या ड्रायव्हरची गाडी करा. आणि साखळी भाड्याने घेतलीच तर ती तुमच्या टायरच्या मापाची आहे का ते टायरवर लिहिलेलं वाचून बघा. 'सगळ्यांना बसते' अशी साखळी नसते.

(दुसऱ्या प्रश्नकर्त्या बाईंनी साखळी कधी काढायची, असं विचारलं.) काळं डांबर सलग दिसायला लागलं की पहिली सुरक्षित मोकळी जागा बघून लगेच. डांबरावर साखळीची पकड कमी असते आणि कडी तुटून चाकाच्या घरात मारते. काढल्यावर घरी येऊन गोड्या पाण्याने धुवायची, वाळवायची आणि मगच पिशवीत. आम्ही पहिल्या वर्षी ओलीच भरून ठेवली होती, पुढच्या नोव्हेंबरात उघडली तेव्हा पिशवीत गंजाचा लाडू होता.